रामनदीला भेटायला चला!

मुलांनो, पुण्यात नद्या किती? वर्गात हा प्रश्न विचारला की सगळे हात एकदम वर जातात. "दोन, बाई! मुळा आणि मुठा!" उत्तर चूक नाही, पण अपुरं आहे. आणखी एक छोटी नदी पुण्यातून वाहते. तिचं नाव रामनदी. लांबी साधारण १८ किलोमीटर. बावधन, पाषाण, बाणेर या भागांत राहणारी कितीतरी मुलं रोज तिच्या पुलावरून शाळेत जातात, पण तिचं नाव विचारलं की एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

माझ्या चौथीच्या मुलांना मी पहिल्यांदा तिथं नेलं, तेव्हा फजितीच झाली. आम्ही थेट सोमेश्वरवाडीच्या पुलावर जाऊन उभे राहिलो. एका मुलानं कठड्यावरून खाली वाकून पाहिलं, नाक दाबलं आणि विचारलं, "बाई, नदी कुठाय? हा तर नाला आहे!" सगळा वर्ग खो खो हसला. मी काही बोलले नाही. घरी आल्यावर वाटलं, चूक आपलीच. एखाद्या आजारी माणसाला थेट दवाखान्यात भेटवायचं आणि म्हणायचं, "ह्यांची ओळख करून घ्या"! पुढच्या वेळी मी वाट बदलली. आधी टेकडी, मग तलाव आणि शेवटी नदी. तीच वाट आज तुम्हाला सांगते. रमतगमत तीन तास लागतात. आई-बाबांना बरोबर घ्या. नाहीतरी रविवारी सकाळी ते पेपरात डोकं खुपसून बसलेले असतात!

मनपाहून पाषाण-सुतारवाडीकडे बस जाते. सुतारवाडीला उतरा. उत्तरेला जी टेकडी दिसते ती बाणेर-पाषाणची टेकडी. थंडीच्या दिवसांत सकाळी साडेसहा-सातला चढायला लागलात तर घामसुद्धा येत नाही. पायाखालचा काळा दगड नीट बघा. तो बेसाल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हारस! सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून बाहेर आलेला. सह्याद्री त्याचाच, सिंहगड त्याचाच, आणि तुमच्या घरातला पाटा-वरवंटाही बहुधा त्याचाच.

वाटेवर झाडीत शिरलात की दोन झाडं शोधायची. एक आहे गिरिपुष्प. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं गळतात आणि फांद्या फिकट गुलाबी फुलांनी भरून जातात. दिसतं छान, पण हे झाड आपल्याकडचं नाही, मध्य अमेरिकेतलं. टेकड्या लवकर हिरव्या दिसाव्यात म्हणून ते लावलं गेलं. त्याचं दुसरं नाव उंदीरमारी. का, ते नावातच आहे! दुसरं झाड मोई, काही जण त्याला शेमट म्हणतात. हे अस्सल इथलं. उन्हाळ्यात एकही पान नसतं, झाड वाळलंय असंच वाटतं. पण त्याची जाड फांदी तोडून जमिनीत रोवली तर तिलाही पालवी फुटते! (म्हणून लगेच तोडून बघायचं नाही हं.)

माथ्यावर पोचलात की दम खा आणि दक्षिणेकडे बघा. खाली पाषाणचा तलाव दिसेल, पश्चिमेला मुंबई-बंगळुरू महामार्गावर मुंग्यांसारख्या गाड्या. आता एक गंमत करा. प्यायच्या बाटलीतलं घोटभर पाणी दगडावर ओता आणि ते कुठं जातं ते बघा. दगडावरून मातीत, मातीवरून घळीत. पावसाळ्यात टेकडीच्या या अंगावर पडलेला थेंब असाच खाली येतो. भूगोलाच्या पुस्तकातला 'पाणलोट क्षेत्र' हा शब्द माझ्या मुलांना पाठ होता, पण कळला तो या दगडावर.

आता उतरून तलावाकडे या. हा तलाव देवानं केलेला नाही, माणसानं केलाय बरं का! इंग्रजांच्या काळात रामनदीला बांध घालून तो तयार झाला. गणेशखिंडीत १८६४ मध्ये गव्हर्नरसाहेबांचा भला मोठा बंगला बांधायला सुरुवात झाली. तिथं या तलावाचं पाणी जाई. तो बंगला म्हणजेच आजच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत.

बांधावरून हळू चाला आणि गप्पा बंद! इथं डोळे आणि कान एवढंच काम. काठाला चिखलाच्या रंगाचा एक पक्षी मान आखडून बसलेला असतो. तुम्हाला तो दिसतच नाही. दोन पावलं पुढं टाकलीत की तो उडतो आणि उडताना एकदम पांढराशुभ्र होतो! हा वंचक, फसवणारा बगळा. पाण्यात एक बदक दिसेल. चोचीचं टोक पिवळं आणि मुळाशी दोन लाल ठिपके, म्हणून त्याचं नाव हळदी-कुंकू बदक. जांभळी पाणकोंबडी, टिबुकली, खंड्या हेही भेटतील. टिबुकली बुडी मारते आणि भलतीकडेच वर येते. आमच्या वर्गात पैजा लागल्या होत्या, कुठं वर येईल म्हणून. एकही पैज कोणी जिंकलं नाही.

आणि पाण्यावर पसरलेलं ते हिरवं हिरवं काय? मुलींना त्याची जांभळी फुलं इतकी आवडली, की त्या गुच्छच मागायला लागल्या. ती जलपर्णी. मूळची दक्षिण अमेरिकेतली. सांडपाण्यातलं खत मिळालं की दोन आठवड्यांत दुप्पट होते. मग खाली ऊन पोचत नाही, पाण्यातला प्राणवायू कमी होतो, मासे गुदमरतात. कमळपक्ष्याला मात्र तिच्यावरून लांब बोटांनी तुरुतुरु चालता येतं, त्याची तक्रार नाही. पण ज्या बदकांना पोहायला मोकळं पाणी लागतं ती कुठं उतरणार? पूर्वी इथं हिवाळ्यात बदकांचे थवेच्या थवे उतरत, असं जुने पक्षिमित्र सांगतात.

तलावातून बाहेर पडलेलं पाणी पाषाण गावातून सोमेश्वरवाडीकडे जातं. इथं काठानं सलग पायवाट नाही. गल्ल्यांमधून, पुलांवरून, नदीला कधी डावीकडे तर कधी उजवीकडे ठेवत चालावं लागतं. वास येतो, हे आधीच सांगून ठेवते. दोन्ही बाजूंनी घरांचं सांडपाणी नदीत मिसळतं. काही ठिकाणी ती इतकी अरुंद झाली आहे, की पलीकडच्या काठावरच्या मुलाशी सहज गप्पा माराव्यात. ऑक्टोबर २०१० मध्ये पाषाणला एका संध्याकाळी काही तासांत १८० मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळला, तेव्हा हिनंच रौद्र रूप घेतलं आणि काठच्या घरांत पाणी शिरलं. तिची जागा आपण घेतली, तिनं एका रात्रीपुरती परत मागितली. चिखलात गुलाबी, काडीसारख्या पायांचा शेकाट्या दिसेल. त्याला असलं पाणी चालतं.

सोमेश्वराच्या दगडी देवळाशी वाट संपते. दुसऱ्या खेपेला आम्ही देवळाच्या पायरीवर बसून डबे खाल्ले. शेजारी एक आजी होत्या. त्या म्हणाल्या, लग्न होऊन आले तेव्हा आम्ही बायका इथंच धुणं धुवायचो आणि पोरं डुंबायची. मुलं आधी हसली. मग एकानं हळूच विचारलं, "आजी, खरंच?" हा तोच, नाक दाबणारा.

त्याला मी नकाशा दाखवला. रामनदी पुढं मुळेला मिळते. मुळा-मुठेचा संगम होतो, ते पाणी भीमेत जातं, भीमा उजनी धरणात थांबते आणि तिथून पुढं पंढरपूरला जाते. तिथं तिलाच चंद्रभागा म्हणतात. "म्हणजे माझी आजी वारीत ज्या पाण्यात अंघोळ करते, त्यात हे पण असतं?" असतं, मी म्हटलं. डबा अर्धाच खाऊन त्यानं झाकण लावलं.

त्याआधीच्या रविवारी मी भूगावच्या पलीकडे, खाटपेवाडीला जाऊन आले होते. रामनदी तिथं उगम पावते. एका बाटलीत तिथलं पाणी आणलं होतं. मग दोरीला मग बांधून तलावातलं एक बाटली आणि सोमेश्वरवाडीचं एक बाटली घेतलं. (हातमोजे घालून, मोठ्यांनी. तुम्ही पाण्यात हात घालायचा नाही.) तिन्ही बाटल्या वर्गाच्या खिडकीत ठेवल्या. आठ दिवसांनी पहिलीत बारीक किडे पोहताना दिसले. दुसरी हिरवट झाली. तिसरीच्या तळाशी काळा गाळ बसला. त्या दिवसापासून वर्गात कोणी रामनदीला नाला म्हणत नाही. "पहिल्या बाटलीची तिसरी बाटली नेमकी कुठं होते, बाई?" असं मात्र विचारतात, आणि मला तेवढं नेमकं सांगता आलं नाही.

पालकांनो, चार गोष्टी तुमच्यासाठी. मुलांना पाण्यात उतरू देऊ नका, गाळात पाय रुततो. चपला नकोत, बूट हवेत, गवतात साप असतात. पिण्याचं पाणी भरपूर घ्या आणि रिकाम्या बाटल्या परत आणा. टेकडीवर मुलांना एकटं पाठवू नका. दुर्बीण असली तर उत्तम, नसली तरी काही अडत नाही.

या हिवाळ्यात आम्ही खाटपेवाडीपासूनच निघणार आहोत. भूगाव, मग बावधन, एकेका रविवारी एकेक टप्पा. प्रत्येक पुलाजवळ एक बाटली भरायची, तिच्यावर जागेचं नाव आणि तारीख लिहायची, असं मुलांनी ठरवलंय. बाटल्या किती लागतील ते अजून मोजतोय. तुमच्या घरी झाकणाच्या रिकाम्या बाटल्या असतील तर टाकू नका, ठेवून द्या.