वैद्यकाच्या ओसरीपलीकडे

बारावीचा निकाल लागतो, नीट परीक्षेचे गुण हातीं येतात, आणि वैद्यकीय प्रवेशाच्या यादींत मुलाचें नांव दिसत नाहीं. मग घरांत सुस्कारा ऐकूं येतो : "आतां बी.एस्‌सी.च करावयाची!" जीवशास्त्र म्हणजे जणूं वैद्यकाची ओसरी, आंत प्रवेश मिळाला नाहीं, तर तेथेंच ताटकळत बसावयाचें, अशी ही समजूत. तिच्यापायीं चांगल्या बुद्धीचीं मुलें पदवीचीं वर्षें मन मारून काढतात.

मुंबईकरांना तरी ही समजूत शोभत नाहीं. १८९६ सालीं त्यांच्या शहरांत प्लेग शिरला, आणि पुढील वर्षाच्या जानेवारींत त्यावरील लस ज्यांनीं प्रथम स्वतःच्या अंगांत टोंचून घेतली, ते वाल्देमार हाफकीन वैद्य नव्हतेच! ओडेसाच्या विद्यापीठांत ते प्राणिशास्त्र शिकले होते. परळची हाफकीन संस्था त्यांचेंच नांव धारण करिते. रोग्याच्या उशाशीं डॉक्टर बसतो हें खरें. परंतु त्याच्या हातांतील लस आणि पुढ्यांतील रक्ततपासणीचा कागद यांच्यामागें बहुधा कोणी जीवशास्त्रज्ञ उभा असतो.

मात्र केवळ पहिल्या पदवीवर फार मोठी आशा ठेवूं नये. तिच्या बळावर औषधांच्या किंवा दुधाच्या कारखान्यांत गुणवत्ता तपासण्याचें काम मिळूं शकतें. भारतीय वनसेवेच्या परीक्षेसही वनस्पतिशास्त्राचा वा प्राणिशास्त्राचा पदवीधर बसूं शकतो, ही गोष्ट पुष्कळ पालकांस ठाऊकच नसते. शाळेंत शिकवावयाचें तर बी.एड. हवें. संशोधनाची वाट लांब आहे : एम.एस्‌सी., मग नेट परीक्षा, आणि त्यानंतर पीएच.डी.चीं चारपांच वर्षें. कनिष्ठ संशोधनवृत्ति २०२३ सालीं दरमहा ३७,००० रुपये ठरली. तींत एकट्या विद्यार्थ्याचें भागतें, परंतु घरचें कर्ज फिटावें अशी ती नव्हे. ज्या घरास मिळकत तातडीनें हवी आहे, त्यानें हा हिशेब आधींच मांडलेला बरा.

"जीवशास्त्र घेतलें, आतां गणिताची कटकट सुटली" हा दुसरा भ्रम. आनुवंशिकतेचा पाया घालणाऱ्या मेंडेलनें वाटाण्याचे दाणे मोजून गुणोत्तरें काढलीं होतीं; आज तर जनुकांचा अभ्यास संख्याशास्त्र व संगणक यांवांचून पुढें सरकतच नाहीं. रसायनाचेंही तसेंच. कमला सोहोनी यांनीं १९३३ सालीं मुंबई विद्यापीठाची पदवी घेतली ती रसायन व पदार्थविज्ञान या विषयांत. स्त्री म्हणून बंगळूरच्या विज्ञानसंस्थेंत त्यांना प्रथम नकार मिळाला, मग अटीवर प्रवेश. १९३९ सालीं केंब्रिजची पीएच.डी. मिळवून त्या परतल्या, आणि पुढें नीरेंतील पोषक द्रव्यांचा त्यांनीं अभ्यास केला. सजीवांचें रसायन त्यांना उलगडलें, तें मुळांत रसायन पक्कें होतें म्हणून.

प्रवेश घेण्यापूर्वीं पालकांनीं महाविद्यालयाच्या इमारतीपेक्षां प्रयोगशाळा पाहावी. प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्यास सूक्ष्मदर्शक येतो कीं एकाभोंवतीं दहा जण उभे राहतात, वनस्पती पाहावयास मुलांना रानांत नेतात कीं बाटल्यांतील नमुने दाखवून भागवितात, हें तेथील दुसऱ्या वर्षाच्या मुलांनाच विचारावें.