केमोपोर्टचे उपद्रव
केमोपोर्टचे उपद्रव : कर्करोगावरील औषधे वारंवार नीलेतून देता यावीत म्हणून त्वचेखाली बसविलेल्या साधनास केमोपोर्ट म्हणतात. यात टिटॅनियमाची वा प्लॅस्टिकची एक लहान डबी छातीच्या वरच्या भागात त्वचेखालील कप्प्यात ठेवतात. डबीचे तोंड सिलिकोनाच्या जाड पडद्याने बंद असते. तिला जोडलेल्या नळीचे टोक ऊर्ध्व महानीला उजव्या अलिंदास मिळते त्या जागेजवळ ठेवतात. औषध देताना त्वचा व पडदा भेदून ह्यूबर सुई डबीत घालतात. साध्या सुईने पडद्याचे कण कापले जाऊन तो गळू लागतो. संपूर्णपणे त्वचेखाली राहणाऱ्या या साधनाचा कर्करोग चिकित्सेतील वापर अमेरिकेतील जे. ई. नीडरह्यूबर व त्यांचे सहकारी यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केला.

बसवितेवेळी फुप्फुसाच्या आवरणास छिद्र पडून वातवक्ष होणे किंवा नीलेऐवजी रोहिणी टोचली जाणे असे उपद्रव संभवतात. श्राव्यातीत ध्वनीच्या साहाय्याने नीला पाहून टोचण्याच्या पद्धतीमुळे ते पुष्कळ कमी झाले आहेत. नंतर उद्‌भवणारे उपद्रव अधिक महत्त्वाचे असून साधन दृष्टीआड असल्याने ते उशिरा ध्यानात येतात.

संसर्ग हा त्यांपैकी सर्वांत गंभीर होय. तो डबीभोवतीच्या कप्प्यात झाल्यास लाली, सूज व वेदना दिसतात. परंतु कर्करोगावरील औषधांनी श्वेत कोशिका घटलेल्या असल्यास पू होत नाही व बाह्य लक्षणे फसवी ठरतात. नळीच्या आतील पृष्ठावर सूक्ष्मजंतूंचा थर जमला असेल, तर बाहेरून काहीच दिसत नाही. अशा वेळी पोर्ट धुतल्यावर थोड्याच वेळात थंडी वाजून ताप भरणे ही मोलाची खूण असते, कारण द्रवाच्या रेट्याने जंतू रक्तात लोटले जातात. हा ताप साधा समजून घरी काढणे रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. निदानासाठी पोर्टमधून व हाताच्या नीलेतून एकाच वेळी रक्त घेऊन जंतुसंवर्धन करतात; पोर्टच्या नमुन्यात वाढ दोन तास वा अधिक आधी आढळल्यास उगम पोर्टमध्ये असल्याचे मानतात. कारक जंतू स्टॅफिलोकॉकस ऑरियस किंवा कॅन्डिडा कवक असल्यास पोर्ट काढावाच लागतो. स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिससारख्या सौम्य जंतूंच्या बाबतीत प्रतिजैव औषधाचा द्रव नळीत भरून ठेवून तो कधीकधी वाचविता येतो.

औषध आत जाते, पण रक्त मागे ओढता येत नाही, ही तक्रार वारंवार आढळते. नळीच्या टोकाभोवती फायब्रिनाचे वेष्टन तयार होऊन ते झडपेसारखे वागते. ही केवळ गैरसोय समजणे चुकीचे आहे. वेष्टन नळीच्या अंगाने मागेपर्यंत पसरले असेल, तर औषध उलट वाहत येऊन ऊतकांत झिरपते. डॉक्सोरुबिसिनासारख्या औषधाने तेथील ऊतक मरून खोल व्रण पडतात. म्हणून रक्त परत येत नसल्यास कारण सापडेपर्यंत असे औषध देत नाहीत. वेष्टन विरघळविण्यास अल्टेप्लेज वापरतात. खुद्द नीलेत रक्तक्लथन झाल्यास हात व मान सुजतात. त्यावर क्लथनरोधी औषधे देतात आणि पोर्ट चालू असेल, तर तो सहसा ठेवता येतो.

अधोजत्रू नीलेतून घातलेली नळी जत्रुक व पहिली बरगडी यांच्या कात्रीत सापडून झिजते. हात वर केला की प्रवाह सुधारतो, ही त्याची पूर्वसूचना होय. नळी तुटल्यास तुकडा हृदयात वा फुप्फुस रोहिणीत जातो व मांडीच्या नीलेतून फासा घालून काढावा लागतो. रुग्णास कित्येकदा त्याची जाणीवही नसते. या कारणास्तव अनेक ठिकाणी मानेतील नीलेस पसंती देतात.

एवढे असूनही अन्य साधनांच्या मानाने पोर्ट सुरक्षित ठरतो. ब्रिटनमधील १,०६१ रुग्णांच्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दंडातून घालण्याच्या नळीचे उपद्रव ४७ टक्के, तर पोर्टचे ३२ टक्के रुग्णांत आढळले. उपचार संपल्यावरही पोर्ट ठराविक काळाने धुवावा लागतो. पूर्वी चार आठवड्यांचे अंतर रूढ होते, आता काही ठिकाणी तीन महिन्यांपर्यंत चालते. अनेक वर्षे तसाच ठेवलेल्या पोर्टची नळी क्वचित नीलेच्या भित्तीस चिकटते व मग ती काढणे अवघड जाते. [→ कर्करोग].