बाळाच्या हृदयाची शस्त्रक्रिया मोफत होते, पण वेळेत होते का? केरळच्या ‘हृद्यम’मधून काय शिकायचं?

दर १०० बाळांपैकी साधारण एका बाळाला जन्मतः हृदयाचा दोष असतो. भारतात अशी दोन लाखांहून जास्त बाळं दरवर्षी जन्मतात, असा अंदाज आहे. सगळ्यांनाच शस्त्रक्रिया लागत नाही. काही छिद्रं आपोआप बुजतात. पण साधारण चारातल्या एका बाळाला पहिल्या वर्षातच उपचार लागतात.

ही शस्त्रक्रिया महाग असते, हे सगळ्यांना माहीत आहे. पण पैशाइतकाच महत्त्वाचा असतो वेळ.

उशीर झाला तर काय होतं?

काही बाळांमध्ये हृदयातून निघणाऱ्या दोन मुख्य रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेली असते. त्यांची शस्त्रक्रिया साधारणपणे पहिल्या काही आठवड्यांतच करावी लागते.

हृदयाच्या खालच्या कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं छिद्र असेल, तर फुप्फुसांकडे जास्त रक्त जात राहतं. तिथला दाब वाढत जातो. काही वर्षांनी फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या इतक्या खराब होतात की मग छिद्र बुजवूनही उपयोग होत नाही. जी शस्त्रक्रिया सहा महिन्यांचं असताना बाळाला बरं करू शकली असती, ती दहाव्या वर्षी करताच येत नाही.

यात खासगी रुग्णालयं का लागतात?

लहान बाळाच्या हृदयावरची शस्त्रक्रिया एकट्या सर्जनचं काम नाही. भूलतज्ज्ञ, हार्ट-लंग मशीन चालवणारे तंत्रज्ञ, बाळांचा आयसीयू आणि तिथल्या अनुभवी नर्स, अशी पूर्ण टीम लागते. अशी केंद्रं देशात मोजकी आहेत, बहुतेक मोठ्या शहरांत आहेत आणि त्यातली बरीचशी खासगी किंवा ट्रस्टची आहेत.

म्हणून सरकारने बाळं शोधायची, पैसे द्यायचे आणि शस्त्रक्रिया सरकारी किंवा करार केलेल्या खासगी रुग्णालयात व्हायची, अशी भागीदारी उभी राहिली. ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम’ (आरबीएसके) याच पायावर चालतो. त्याची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून झाली. त्यातली पथकं अंगणवाड्या आणि शाळांमध्ये जाऊन १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात.

केरळने वेगळं काय केलं?

केरळमध्ये जंतुसंसर्गाने होणारे बालमृत्यू कमी झाले, तसा उरलेल्या मृत्यूंमध्ये जन्मजात दोषांचा वाटा ठळक दिसू लागला. २०१७ मध्ये राज्याने ‘हृद्यम’ सुरू केलं.

याचा कणा म्हणजे एक ऑनलाइन नोंदणी. दोष सापडला की बाळाचं नाव आणि रिपोर्ट त्यात जातात. तज्ज्ञ ते पाहून कुणाला किती तातडी आहे हे ठरवतात. मग जिथे जागा असेल तिथे बाळाला पाठवलं जातं. त्यासाठी तिरुवनंतपुरमची श्री चित्रा संस्था, कोट्टायमचं सरकारी मेडिकल कॉलेज आणि कोचीचं अमृता यांसारखी सरकारी व खासगी रुग्णालयं एकाच यादीत आली.

म्हणजे कागदपत्रं घेऊन या दारातून त्या दारात फिरण्याचं काम आईवडिलांकडून यंत्रणेकडे गेलं.

केरळचा बालमृत्यू दर २०१५ मध्ये दर हजारी १२ होता, तो २०२० मध्ये ६ झाला. याचं सगळं श्रेय एका योजनेला देता येणार नाही, पण या दोषांकडे लक्ष दिल्याशिवाय इतका खालचा आकडा गाठणं कठीण होतं.

भागीदारी कुठे अडखळते?

खासगी रुग्णालयाला एका शस्त्रक्रियेमागे ठरलेली रक्कम मिळते. मोठ्या मुलाचं साधं छिद्र बुजवलं तर ते काही दिवसांत घरी जातं. नवजात बाळ मात्र आयसीयूत आठवडे काढू शकतं. दर ठरवताना हा फरक नीट धरला नाही, किंवा सरकारी बिलं रखडली, तर सोप्या केसेस आधी आणि नाजूक बाळं मागे पडण्याचा धोका असतो. त्यामुळे किती शस्त्रक्रिया झाल्या एवढंच विचारून भागत नाही. त्यातली किती बाळं एक वर्षाच्या आतली होती आणि किती जण वाट पाहता पाहता गेली, हेही विचारायला हवं.

तुम्ही काय लक्षात ठेवाल?

– बाळाचे ओठ, जीभ किंवा नखं निळसर दिसणं
– दूध पिताना धाप लागणं, कपाळावर घाम येणं, मधेच थांबणं
– वजन न वाढणं, वारंवार न्यूमोनिया होणं

यातलं काही दिसलं तर लगेच डॉक्टरांना दाखवा. ओठ किंवा जीभ निळी पडत असेल तर थेट रुग्णालय गाठा. जन्मानंतर घरी जाण्याआधी हातापायाला क्लिप लावून रक्तातला ऑक्सिजन मोजतात. ही तपासणी झाली का, हे नक्की विचारा. दोष निघाला तर अंगणवाडी सेविका, आशाताई किंवा जिल्हा रुग्णालयात आरबीएसकेबद्दल चौकशी करा.

आणि ‘मोठं झालं की बघू’ असं कुणी म्हणालं, तर आधी बालहृदयरोग तज्ज्ञांना विचारा. काही बाळांच्या बाबतीत थांबणं ठीक असतं, काहींच्या बाबतीत नाही. हा फरक इको केल्यावर कळतो, अंदाजाने नाही.