जागा रिकामी होईपर्यंत

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातला एखादा एम.एस्सी. किंवा पीएच.डी.चा प्रबंध उघडला, की संदर्भसूचीत बहुधा एक जोडी भेटते : पानसे आणि सुखात्मे. शेतीच्या प्रयोगांसाठी लागणाऱ्या संख्याशास्त्राचे या दोघांचे पुस्तक 1954 मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेने काढले आणि ते अजून टेबलावरून हललेले नाही. एका विद्यार्थ्याने मला हे एकाच माणसाचे नाव आणि आडनाव आहे, असे ठामपणे सांगितले होते. मी त्याला दोष दिला नाही. ज्यांच्या सूत्रावर आपली पदवी उभी आहे ते कोण होते, कुठल्या नोकरीत होते, कुणी त्यांना हाताशी धरले, हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते.

गेली वीसेक वर्षे मी अमरावती आणि अकोल्यातल्या संशोधक विद्यार्थ्यांचे प्रबंध भाषेसाठी तपासून देतो. मी स्वतः पदवीच्या पुढे गेलो नाही. त्यामुळे प्रबंधातले विज्ञान मला उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनी कळत गेले. पण ऋणनिर्देशाचे पान मी नेहमी आधी वाचतो. कुणाचे आभार लांबलचक आणि कोरडे, कुणाचे एका ओळीत पण मनापासून, निंदणीला आलेल्या बायांचा उल्लेख आहे की नाही, यावरून त्या चार-पाच वर्षांचे बरेच काही कळते. तिथूनच एक प्रश्न मागे लागला. प्रबंधाची बांधणी झाली, तोंडी परीक्षा झाली, पेढे वाटले. पुढे या मुलांचे काय होते?

या प्रश्नाचे मूळ शोधताना मी 1972 सालापर्यंत गेलो. त्या वर्षी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतल्या, म्हणजे 'पुसा'तल्या, एका शास्त्रज्ञाने आत्महत्या केली. मागे ठेवलेल्या पत्रात संस्थेच्या कारभाराबद्दल गंभीर तक्रारी होत्या, आणि वरच्या पदासाठी डावलले गेल्याचे दुःख त्या घटनेच्या मुळाशी होते. संसदेत प्रश्न उठला. चौकशीसाठी समिती नेमली गेली आणि तिचे अध्यक्षपद माजी सरन्यायाधीश प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांच्याकडे आले. साताऱ्यात जन्मलेला, मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूपद भूषवलेला हा माणूस. एका मृत्यूची चौकशी करता करता समिती देशभरातल्या कृषिशास्त्रज्ञांच्या भरतीच्या आणि बढतीच्या पद्धतीपर्यंत पोहोचली.

ती पद्धत काय होती, हे समजून घेण्यासारखे आहे. बढती माणसाला मिळत नसे, जागेला माणूस मिळत असे. वरची जागा रिकामी झाली की जाहिरात निघायची, खालच्या सगळ्यांनी अर्ज करायचे, पुन्हा मुलाखत द्यायची. तुमच्या विषयातला वरिष्ठ पन्नाशीचा असेल तर तो निवृत्त होईपर्यंत तुम्ही कितीही चांगले काम केले तरी जिथल्या तिथे. मग माणसे काय करत? आपला विषय सोडून दुसऱ्या विषयातल्या जागेसाठी अर्ज करत, नाहीतर प्रशासनात जात. मृदाशास्त्रात दहा वर्षे घालवलेला माणूस फायलींवर सह्या करू लागे, कारण पगार तिकडे होता.

समितीच्या अहवालानंतर 1973 मध्ये कृषी शास्त्रज्ञ भरती मंडळ स्थापन झाले, आणि 1975 मध्ये कृषी संशोधन सेवा सुरू झाली. या सेवेतली खरी नवी गोष्ट म्हणजे पाच वर्षांनी होणारे मूल्यमापन. वरची जागा रिकामी असो वा नसो, पाच वर्षांच्या कामाची तपासणी व्हायची आणि काम ठरल्यास माणसाला त्याच्याच विषयात, त्याच्याच टेबलावर वरची श्रेणी किंवा जादा वेतनवाढी मिळायच्या. आज हे साधे वाटते. ज्याला आयुष्यभर कापसाच्या बोंडअळीवरच काम करायचे आहे त्याला ते करत राहता यावे, एवढाच त्यामागचा विचार होता. या सेवेतही पुढे गटबाजी, वशिले आणि कागदी मूल्यमापन शिरले असेल. पण शिडी निदान होती.

अकोल्याचे विद्यापीठ 20 ऑक्टोबर 1969 रोजी सुरू झाले. ते राज्याचे विद्यापीठ, त्यामुळे केंद्राच्या त्या सेवेचे नियम इथल्या शास्त्रज्ञांना आपोआप लागू नाहीत. तरी मंडळाची 'नेट' परीक्षा इथल्या मुलांच्या तोंडी सतत असते, कारण नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी जायचा रस्ता त्या मंडळातून जातो. अमरावतीत 1983 पासून वेगळे विद्यापीठ आहे, आणि 1923 साली किंग एडवर्ड कॉलेज म्हणून सुरू झालेली विज्ञान संस्था त्याहून जुनी आहे. तिथल्या रसायन किंवा वनस्पतिशास्त्राच्या मुलांना सीएसआयआर आणि विद्यापीठ अनुदान आयोगाची संयुक्त 'नेट' किंवा राज्याची 'सेट' द्यावी लागते. ती दिली, पीएच.डी. झाली, तरी जाहिरात निघत नाही. निघाली तर बिंदूनामावली अडते. मधल्या काळात तासिका तत्त्व : जितके तास शिकवले तितकेच पैसे, उन्हाळ्याच्या सुटीत काही नाही. पन्नास वर्षांपूर्वी वरची जागा रिकामी होण्याची वाट पाहावी लागत होती. आता खालची जागा रिकामी आहे आणि ती भरली जाण्याची वाट पाहावी लागते.

वऱ्हाडातल्या विज्ञानात दुसरी अडचण वेळेची आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी बोलले जाते. कापसाचा नवा वाण घ्या. दोन वाणांचा संकर केला, की पुढच्या पिढ्यांत गुण पसरतात. त्यातून निवड करत करत सहा-सात पिढ्यांनी ओळ स्थिर होते. कापसाची पिढी म्हणजे एक खरीप. मग संशोधन केंद्रावरची चाचणी, मग अनेक ठिकाणच्या चाचण्या, मग अखिल भारतीय समन्वित प्रकल्पातल्या चाचण्या, मग समितीची शिफारस आणि अधिसूचना. दहा-बारा वर्षे सहज जातात. 'पीकेव्ही हायब्रीड-2' किंवा 'रजत' ही नावे शेतकऱ्याच्या तोंडी बसली, तेव्हा त्यामागे अशीच अनेक वर्षे होती. अठ्ठाविसाव्या वर्षी रुजू झालेला पैदासकार चाळिशीत पहिला वाण दाखवू शकतो. त्याच्याच वयाचा प्रयोगशाळेतला मित्र तोवर वीस शोधनिबंध छापून मोकळा झालेला असतो. दोघांना एकाच फुटपट्टीने मोजले तर काय होते, हे वेगळे सांगायला नको.

अकोल्यात 1988 पासून एक दीर्घकालीन खत प्रयोग चालू आहे : काळ्या जमिनीत ज्वारी आणि गहू, ठरावीक वाफ्यांना ठरावीक खते, वर्षानुवर्षे. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडला असाच गव्हाचा प्रयोग 1843 पासून सुरू आहे. असा प्रयोग कुणा एकाचा नसतो. सुरू करणारा निवृत्त होतो, नोंदी पुढचा ठेवतो, आणि मातीतला बदल दिसायला लागतो तेव्हा लेखकांच्या यादीत तिसरेच नाव पहिले असते. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्याचे काम करणाऱ्यांचेही तेच. जमिनीतल्या क्षाराचे गणित तीन वर्षांच्या अधिछात्रवृत्तीत मावत नाही. त्यात एका खरिपात जुलैत पावसाने दडी मारली की विद्यार्थ्याचे एक वर्ष गेले. छात्रवृत्ती मात्र पावसासाठी थांबत नाही.

मोजमापाचा हा हट्ट 2010 नंतर वाढला. आयोगाने शिक्षकांच्या बढतीसाठी गुणांकांची पद्धत आणली : निबंधाला इतके गुण, परिषदेला इतके. निबंध हवेतच म्हटल्यावर पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके उगवली. 2015 मध्ये 'बीएमसी मेडिसिन'मध्ये आलेल्या एका अभ्यासानुसार 2010 मध्ये अशा नियतकालिकांतून सुमारे 53 हजार लेख आले होते, 2014 मध्ये सुमारे 4 लाख 20 हजार. लेखकांपैकी सुमारे 35 टक्के भारतातले. त्यातले काही माझ्या ओळखीचे आहेत. ती माणसे लबाड नव्हती. निबंधाशिवाय प्रबंध दाखल होत नव्हता, मुदत संपत आली होती, आणि 'सात दिवसांत प्रसिद्ध' अशी ई-मेल आली होती. 2022 च्या नियमांत आयोगाने प्रबंधाआधी निबंध छापण्याची सक्ती काढली. आधी छापलेले ते निबंध मात्र नावावर राहिले, आणि आज मुलाखतीत तेच अडचणीचे ठरतात.

मुले मला सल्ला विचारतात. खरे तर मी विचारण्याजोगा माणूस नाही, पण दुरून पाहणाऱ्याला काही गोष्टी दिसतात. मार्गदर्शक निवडताना मुले त्यांचे नाव आणि पद पाहतात. मी सांगतो, त्यांच्या शेवटच्या चार विद्यार्थ्यांना फोन करा. किती वर्षांत प्रबंध झाला, आणि निबंधावर पहिले नाव कुणाचे होते, एवढेच विचारा. लेखकांच्या क्रमाचे बोलणे काम सुरू करतानाच करावे. आपल्याकडे ते उद्धटपणाचे वाटते, म्हणून शेवटी भांडणाचे होते. "सर, हे काम झाल्यावर नावांचा क्रम कसा राहील?" हे नम्रपणे विचारता येते, आणि चांगला गाईड रागावत नाही. रोजची नोंदवही तारखेसह, शाईने लिहावी. नोंदींची एक प्रत विभागात, एक स्वतःकडे. दीर्घ प्रयोगात शिरताना त्याच्या शेजारी दोन हंगामांत संपणारा एखादा छोटा प्रश्नही हाती घ्यावा. आणि संख्याशास्त्र स्वतः शिकावे, संगणकवाल्याकडे आकडे टाकून येऊ नये. सुखात्मे आणि पानसे यांनी पुस्तक लिहिले ते याचसाठी.

बाहेर जावे की नाही, यावर मी गप्प बसतो. मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंब्याचे विजय भटकर नागपूर, बडोदा, दिल्ली, त्रिवेंद्रम असे फिरत पुण्याला आले, आणि त्यांच्या चमूने 1991 मध्ये 'परम' महासंगणक उभा केला. त्यांचे उदाहरण इथे प्रत्येक शाळेच्या स्नेहसंमेलनात दिले जाते. पण खारपाणपट्ट्याची माती पुण्याला नेता येत नाही. कुणीतरी इथे राहायला हवे, आणि राहणाऱ्याला शिडी हवी.

गेल्या वर्षी मृदाशास्त्राच्या एका मुलीचा प्रबंध मी तपासला. ती दर्यापूरकडची. तिचे एक खरीप कोरडे गेले होते आणि त्या वर्षाच्या आकड्यांचे प्रकरण तिने गाळले होते. मी कारण विचारले. "काका, त्यात काहीच निंघालं नाही, मंग कायले लिहू?" मी म्हटले, पाऊस नसताना त्या वाफ्यात क्षार किती वर आला, हे तर फक्त तुझ्याच वहीत आहे. तिने ते प्रकरण परत घातले, अकरा पानांचे. परीक्षकांनी तोंडी परीक्षेत सर्वांत जास्त प्रश्न त्याच्यावरच विचारले, असे तिने नंतर फोनवर सांगितले. सध्या ती एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते आणि रविवारी गावाकडच्या विहिरींच्या पाण्याचे नमुने बाटल्यांत भरते. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या शाईच्या आहेत.