खोली रिकामी आहे, हे ठरवायचं कसं?

माणूस खोलीत शिरला की दिवा आपोआप लागावा, ही करामत आता शाळेतली मुलंही विज्ञान प्रदर्शनात करून दाखवतात. एक सेन्सर, एक मायक्रोकंट्रोलर बोर्ड, एक रिले. परीक्षकांनी हात हलवला की टक असा आवाज होतो आणि दिवा लागतो. पण या प्रकल्पातला अवघड भाग दिवा लागताना येतच नाही, तो येतो विझवताना. माणूस आला हे कळायला एक हालचाल पुरते. तो आता आत नाही, हे ठरवायला पुरावा लागतो, आणि नेमका तोच पुरावा सेन्सरकडे नसतो.

मावळात हा प्रश्न रोजच्या व्यवहारातला आहे. लोणावळा, खंडाळा, पवना धरणाचा काठ, कामशेतचा परिसर इथले बंगले शनिवार-रविवारी भरतात. रविवारी संध्याकाळी गाड्या एक्स्प्रेसवेला लागतात, आणि बाथरूममधला, जिन्यातला, मागच्या पडवीतला दिवा तसाच जळत राहतो. एकाच राखणदाराकडे तीन-चार बंगले असले, तर सोमवारी दुपारपर्यंत कुणी त्या बटणाकडे फिरकतही नाही.

जळत्या दिव्याचा हिशेब इथे पाण्यातही करता येतो. टाटांच्या जलविद्युत प्रकल्पाची पायाभरणी १९११ साली लोणावळ्यात झाली. वळवण, लोणावळा आणि शिरोता या तलावांचं पाणी घाटाखाली खोपोलीला उतरवून १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. हे पाणी सुमारे पाचशे मीटर खाली येतं. एक लिटर पाणी तेवढं खाली आलं की साधारण ४,९०० ज्यूल ऊर्जा मिळते, आणि विजेचं एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. भागाकार केला तर ७३५ लिटर येतात. नळ, टर्बाइन आणि जनित्रातली घट धरली, तर एका युनिटमागे साडेआठशे ते नऊशे लिटर पाणी खाली सोडावं लागतं. नऊ वॉटचा एलईडी दिवा अकरा तास विनाकारण जळला, की एक दशांश युनिट, म्हणजे ऐंशी-नव्वद लिटर पाणी. लोणावळ्यातल्या घरात येणारी वीज महावितरणची, राज्याच्या ग्रिडमधली. त्यामुळे अमुक दिवा म्हणजे वळवणचं अमुक पाणी असं म्हणता येणार नाही. तरी एका दिव्यामागे किती पाणी घाट उतरतं, हे आपल्याच डोंगराच्या मापाने कळलेलं बरं.

आता सेन्सरकडे. या कामाला सर्रास वापरतात तो एचसी-एसआर५०१, पुण्यात तापकीर गल्लीत सहज मिळणारा. वर दुधी रंगाचा घुमट, खाली पाठीवर स्क्रू-ड्रायव्हरने फिरवायच्या दोन नारिंगी कळा. एक कळ पल्ल्याची, तीन ते सात मीटर, दुसरी वेळेची. आपल्या शरीरातून सतत उष्णतेचे किरण बाहेर पडतात आणि त्यांची सर्वाधिक तीव्रता साडेनऊ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास असते. हे किरण साध्या काचेतून जात नाहीत, म्हणून घुमट पॉलिथिलीनचा करतात. त्यावरच्या खाचा म्हणजे फ्रेनेल भिंगं. दीपगृहांसाठी ऑगस्टीन फ्रेनेलने एकोणिसाव्या शतकात काढलेली ही युक्ती. ही भिंगं खोलीचे अनेक पट्टे पाडतात. आत तापमान बदललं की विद्युतभार निर्माण करणाऱ्या पदार्थाच्या दोन चकत्या एकमेकींच्या उलट जोडलेल्या असतात. सगळी खोली सारखीच तापली तर दोन्हींचे संकेत एकमेकांना छेदून शून्य होतात. माणूस एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेला की आधी एक चकती तापते, मग दुसरी, आणि संकेत वर-खाली होतो. सेन्सरला एवढंच समजतं.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. हा सेन्सर माणूस ओळखत नाही, उष्णतेचं सरकणं ओळखतो. खुर्चीत पुस्तक वाचत बसलेली आजी त्याच्या लेखी नसतेच. सरळ त्याच्याकडे चालत येणारा माणूस त्याला उशिरा दिसतो, आडवा जाणारा लगेच. म्हणून तो दारासमोरच्या भिंतीवर लावण्यापेक्षा बाजूच्या भिंतीवर लावावा. विदर्भात मे महिन्यात भिंती शरीराइतक्याच तापतात, तेव्हा तो मंदावतो. लोणावळ्याच्या गार हवेत माणूस आणि भिंत यांच्या तापमानात भरपूर फरक राहतो, ही इथली सोय.

बहुतेक लोक उपाय म्हणून वेळ वाढवतात: शेवटच्या हालचालीनंतर पाच मिनिटं, दहा मिनिटं दिवा चालू. बैठकीच्या खोलीत हे चालतं. बाथरूममध्ये डोळ्यांना साबण लागलेला असताना अंधार झाला, की लोक दुसऱ्या दिवशी सेन्सरवर चिकटपट्टी लावतात, आणि त्यांचं चुकत नाही. चोवीस गिगाहर्ट्झचे छोटे रडार सेन्सर आता मिळतात. श्वासाबरोबर हलणारी छातीही त्यांना जाणवते. पण त्यांच्या लहरी प्लायवूडच्या पार्टिशनमधून पलीकडे जातात आणि हलता पडदाही त्यांना माणूस वाटतो.

माझ्या मते बाथरूमसाठी खरी चांगली युक्ती दाराची आहे. चौकटीत रीड स्विच आणि दाराला छोटं चुंबक लावायचं. दार लागलं की स्विच जुळतो. आता तर्क असा. दार बंद झालं आणि त्यानंतर आत हालचाल दिसली, तर आत नक्की कुणीतरी आहे, आणि दार पुन्हा उघडेपर्यंत ते आतच राहणार. मग तासभर हालचाल नसली तरी दिवा विझवायचा नाही. दार उघडून पुन्हा लागलं आणि नंतर दोन मिनिटं आत काहीच हललं नाही, तर खोली रिकामी. इथे सेन्सरच्या गप्प राहण्याला पहिल्यांदा अर्थ येतो, कारण बाहेर पडायच्या वाटेवर आपली नजर असते.

हा तर्क आर्डुइनो ऊनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डाच्या एटीमेगा३२८पी चिपमध्ये आरामात मावतो. तिची प्रोग्रामची जागा ३२ किलोबाइट. मात्र प्रोग्राममध्ये वेळ मोजायला डिले वापरू नये, कारण त्या काळात बोर्ड दाराकडे पाहतच नाही. मिलिस हा चालता काउंटर घ्यावा. तो साधारण ५० दिवसांनी शून्यावर येतो. पण आताच्या आकड्यातून आधीचा आकडा वजा केला आणि दोन्ही अनसाइन्ड लाँग ठेवले, तर उत्तर बरोबरच येतं. सेन्सरची वेळेची कळ अगदी कमीवर ठेवावी, वेळ बोर्डाने सांभाळावी. पावसाळ्यात मावळात वीज जाते-येते. वीज परतल्यावर पहिला मिनिटभर हा सेन्सर खोटे इशारे देतो, तेवढा वेळ त्याच्याकडे दुर्लक्ष करावं, आणि दार बंद असेल तर आत कुणी आहे असंच धरून दिवा लावावा.

आणखी एक हिशेब मात्र कुणी करत नाही. ऊनो बोर्ड दिवसरात्र सुमारे ५० मिलिअँपिअर घेतो, म्हणजे पाव वॉट. अॅडॉप्टरमधली घट धरून अर्धा वॉट म्हणू. दिवसाला १२ वॉट-तास. नऊ वॉटचा दिवा रोज एक तास वीस मिनिटांपेक्षा कमी वेळ वाया जात असेल, तर ही यंत्रणा वाचवते त्याहून जास्त खाते. चार माणसांच्या घरातल्या एका दिव्यासाठी ती लावू नये असं मला वाटतं. बंगल्यात गीझर, एक्झॉस्ट पंखा आणि दिवे तिच्यावर असतील, तर गोष्ट वेगळी. गीझरला मात्र दहा अँपिअरचा छोटा रिले पुरत नाही, तिथे काँटॅक्टर लागतो, आणि २३० व्होल्टची जोडणी परवानाधारक वायरमननेच करावी. मूळचं बटण काढू नये. ते रिलेच्या समांतर ठेवलं, तर बोर्ड बिघडला तरी दिवा हाताने लागतो.

पुणे जिल्ह्यातल्याच पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. कलबागांनी १९८३ पासून करून शिकण्याची पद्धत रुजवली. त्या वाटेने जाणाऱ्या शाळांनी हा प्रकल्प घेतला, तर हात हलवून दिवा लावण्याला कमी गुण द्यावेत आणि स्तब्ध बसलेल्या मुलावर तो विझत नाही याला जास्त.

लोणावळ्यात दाराच्या या युक्तीची परीक्षा जुलैत होते. वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो तिथे लाकडी दारं फुगतात, चौकटीत पुरती बसत नाहीत, चुंबक स्विचपासून बोटभर लांब राहतं. बोर्डाला दार कायम उघडंच दिसतं. म्हणून चुंबक जोरदार घ्यावं, कडीच्या नव्हे तर बिजागरीच्या बाजूला लावावं, आणि प्रोग्राममध्ये एक ओळ घालावी: दार अर्ध्या तासाहून जास्त उघडं दिसलं, तर दाराचा तर्क सोडून दहा मिनिटांच्या साध्या वेळेवर जा.