ओमानची सौरवीज आणि आपले वीजतंत्री

ओमान हा अरबस्तानातील देश आपल्या वाचकांना तेलाचा देश म्हणून ठाऊक आहे. मुंबई आणि रत्नागिरीकडे ज्यांचे नातेवाईक आहेत, त्यांना 'अमक्याचा मुलगा मस्कतला असतो' हे वाक्य काही नवीन नाही. तेलाच्या पैशावर उभा राहिलेला हा देश आता उन्हापासून आणि वाऱ्यापासून वीज काढू लागला आहे. ज्याच्या अंगणात तेलाची विहीर, त्याने सूर्याकडे हात पसरावा, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

प्रथम तेथे काय उभे राहिले ते पाहू. २०१७ साली दक्षिण ओमानमधील अमल तेलक्षेत्रात 'मिराह' नावाच्या प्रकल्पातून पहिली वाफ निघाली. मिराह म्हणजे आरसा. काचेच्या मोठमोठ्या घरांत वक्र आरसे टांगून, त्यांवर पडणाऱ्या उन्हाने पाण्याची वाफ करायची आणि ती जमिनीत सोडून घट्ट तेल पातळ करायचे, अशी ही युक्ती. आरसे काचघरात ठेवण्याचे कारण एवढेच की वाळवंटातील धूळ आणि वारा त्यांना लागू नये. २०१९ साली धोफार प्रांतात हरवील येथे ५० मेगावॉटचे पवनविद्युत केंद्र सुरू झाले. त्यात तेरा पवनचक्क्या आहेत. जे नैऋत्य मोसमी वारे कोकणात पाऊस आणतात, तेच धोफारच्या डोंगरांना लागतात. त्या ऋतूला तेथे 'खरीफ' म्हणतात. आपल्या पूर्वजांच्या शेतीतला 'खरीप' हा शब्द त्याच अरबी शब्दावरून आलेला आहे.

त्यानंतर मोठी सौर केंद्रे आली. इब्री येथील ५०० मेगावॉटच्या केंद्राचे उद्घाटन जानेवारी २०२२ मध्ये झाले. सुमारे तेरा चौरस किलोमीटर जागेवर लाखो सौर पॅनेल तेथे मांडलेली आहेत. मनाह येथे प्रत्येकी ५०० मेगावॉटची आणखी दोन केंद्रे उभी राहिली आणि २०२५ पर्यंत ती कामाला लागली. घरांच्या छपरांवर सौर पॅनेल बसवण्यासाठी 'साहिम' ही योजना २०१७ सालीच निघाली होती. २०३० पर्यंत सुमारे तीस टक्के वीज अशा अक्षय साधनांतून काढावी, असे त्या देशाचे उद्दिष्ट आहे.

आता याचा आपल्याशी संबंध काय? आपल्या मराठी कुटुंबांतील कितीतरी मुले वीजतंत्री म्हणजे इलेक्ट्रिशियन झाली आहेत, काही होऊ पाहत आहेत. आखाती देशांत 'सोलर टेक्निशियन पाहिजेत' अशा जाहिराती त्यांच्या हातातील फोनवर येतात. मग घरात प्रश्न निघतो: मुलाने तीन महिन्यांचा सौर अभ्यासक्रम करून निघावे, की आधी वीजतंत्र्याचे पूर्ण शिक्षण घ्यावे? आमचे उत्तर स्पष्ट आहे. सौर विद्युत हा वेगळा धंदा नाही. तो जुन्याच धंद्याचा पुढचा धडा आहे. ज्याचा पाया कच्चा, त्याला हा धडा पेलणार नाही. ज्याचा पाया पक्का, त्याला तो थोड्या महिन्यांत येईल आणि ओमानमध्येच काय, आपल्या बेटावरही जन्मभर उपयोगी पडेल.

हा धडा कोणता, ते थोडे समजून घेऊ. आपल्या घरात येणारी वीज एसी, म्हणजे दिशा बदलणारी असते. ओमान, भारत आणि मॉरिशस तिन्हीकडे ती ५० हर्ट्झची आहे. सेकंदाला शंभर वेळा ती शून्यावर येते, त्यामुळे स्विच उघडताना उडालेली ठिणगी सहसा तिथेच विझते. सौर पॅनेलमधून निघणारी वीज डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी असते. ती शून्यावर येतच नाही. भार चालू असताना जोड ओढून काढला, तर ठिणगी न विझता ज्योतीसारखी लांबते, हात भाजते आणि छपराला आग लावते. म्हणून डीसीचे स्विच निराळे, फ्यूज निराळे आणि जोड सोडवण्याची रीतही निराळी.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. 'मुख्य स्विच बंद कर आणि मगच हात लाव' हा नियम प्रत्येक उमेदवार पहिल्याच दिवशी शिकतो. पॅनेलला मुख्य स्विच नाही. त्याचा स्विच आकाशात आहे. ऊन असेपर्यंत पॅनेलच्या टोकांशी दाब असणारच. एका मोठ्या पॅनेलचा दाब ५० व्होल्टच्या आसपास असतो. त्यातून काय होणार, असे नवख्याला वाटते. पण दहा पॅनेल एकामागे एक जोडली की तो ५०० व्होल्ट होतो, म्हणजे घरच्या दाबाच्या दुपटीहून अधिक. मोठ्या केंद्रांत अशा एका माळेचा दाब १५०० व्होल्टपर्यंत नेतात. तेथे चुकीला क्षमा नाही. तेवढ्या दाबासाठी बनवलेला मीटर हातात नसेल, तर कामाला हात न लावणे हेच शहाणपण.

तिसरी गोष्ट उष्णतेची. पॅनेलची क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते. त्यावरच्या प्रत्येक अंशाला ती साधारण ०.३ ते ०.४ टक्क्याने घटते. वाळवंटात पॅनेल ६५ अंशांपर्यंत सहज तापते. मग शंभर वॉटच्या जागी सुमारे शहाऐंशीच वॉट मिळतात. हे ज्याला ठाऊक नाही, तो चांगले पॅनेल बिघडलेले समजून काढायला लावील. ज्याला ठाऊक आहे, तो आधी तापमान पाहील, मग धूळ पाहील, मग जोड तपासील. बऱ्याच वेळा दोष जोडातच सापडतो. दोन निरनिराळ्या कंपन्यांचे नर आणि मादी जोड एकमेकांत बसले, तरी ते नीट घट्ट बसतातच असे नाही. असा जोड तापत जातो आणि एक दिवस वितळतो.

अर्थिंग, केबलची जाडी, मेगरने करायची इन्सुलेशनची तपासणी, नकाशा वाचणे, जोडाचा स्क्रू योग्य जोराने आवळणे ही सारी कामे मात्र जुनीच आहेत. म्हणून आम्ही म्हणतो की पाया आधी.

महाराष्ट्रात हाच क्रम दिसतो. तेथे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आयटीआयमध्ये, वीजतंत्र्याचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. भारत सरकारने २०१५ साली 'सूर्यमित्र' नावाचे सौर प्रशिक्षण सुरू केले. ते सुमारे तीन महिन्यांचे, ६०० तासांचे होते आणि त्यात आयटीआय झालेल्या वीजतंत्र्यांना, तारतंत्र्यांना प्रवेश होता. धुळे जिल्ह्यात साक्री येथे २०१३ साली १२५ मेगावॉटचे सौर केंद्र उभे राहिले. साताऱ्याच्या पठारांवर पवनचक्क्या तर त्याही आधीपासून फिरत आहेत. तेव्हा ओमानच्या केंद्रात आपला मुलगा गेला, तर त्याच्या शेजारी उभा राहणारा भारतीय कामगार हे सारे हाताने केलेला असण्याचा संभव आहे, हे लक्षात ठेवावे.

आता नोकऱ्यांचे खरे स्वरूप पाहू, कारण जाहिरातीत ते सांगत नाहीत. मोठे सौर केंद्र उभारताना माणसे पुष्कळ लागतात. खांब रोवणे, पॅनेल चढवणे, केबल ओढणे, जोड करणे, तपासणे. पण हे काम दीड-दोन वर्षांत संपते. केंद्र चालू झाले की त्याची राखण थोडीच माणसे करतात. पॅनेलवरची धूळसुद्धा आता बहुधा यंत्रेच झाडतात. म्हणजे 'अमुक हजार नोकऱ्या' हा आकडा वाचताना त्यातील किती उभारणीच्या आणि किती कायमच्या, हे विचारले पाहिजे. पॅनेल उचलून देणारा मजूर पहिल्यांदा घरी जातो. दोष शोधून काढणारा, इन्व्हर्टर दुरुस्त करणारा, तपासणीचा अहवाल लिहिणारा माणूस शेवटपर्यंत राहतो. दोघेही एकाच विमानाने गेलेले असतात. फरक शिक्षणाचा असतो.

पवनचक्कीच्या कामाला आणखी एक अट आहे. तेथे उंच मनोऱ्यात चढावे लागते. त्यासाठी जागतिक पवन संघटनेचे, म्हणजे जीडब्ल्यूओचे, सुरक्षा प्रशिक्षण बहुतेक मालक मागतात. प्रथमोपचार, वजन उचलणे, आगीपासून बचाव आणि उंचीवरील काम हे त्यातले विषय. त्याची मुदत दोन वर्षांची असते. ज्याला उंचीचे भय आहे, त्याने उगाच त्यावर पैसे खर्च करू नयेत.

ओमानमध्ये नोकरीबाबत आणखी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. तेथील सरकार १९८८ पासून आपल्या नागरिकांना कामे मिळावीत यासाठी 'ओमानीकरणा'चे धोरण राबवीत आहे, आणि ते योग्यच आहे. कोणत्या हुद्द्यासाठी परदेशी माणसाला परवाना द्यायचा, ही यादी वेळोवेळी बदलते. तेव्हा व्हिसावर कोणता हुद्दा लिहिला आहे आणि तो आपल्या कामाशी जुळतो का, हे निघण्याआधी पाहावे. दुसरे असे की जून, जुलै आणि ऑगस्ट या तीन महिन्यांत दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावर काम करून घेण्यास तेथे मनाई आहे. हा कामगाराचा हक्क आहे, मालकाची मेहेरबानी नव्हे.

येथे आम्हास आपल्या इतिहासाची आठवण द्यावीशी वाटते. आपले पणजोबा-खापरपणजोबा मुंबई बंदरातून या बेटावर आले, ते एका करारावर अंगठा उठवून. त्यात काय लिहिले आहे हे पुष्कळांना वाचता येत नव्हते. आप्रवासी घाटाच्या पायऱ्यांवर उभे राहिले की ते मनात आल्यावाचून राहत नाही. त्यांच्या पतवंडांना मात्र तीन-चार भाषा वाचता येतात. मग त्यांनी करार न वाचता सही करावी, हे शोभत नाही.

म्हणून कराराबाबत एवढे अवश्य पाहावे. मूळ पगार किती आणि भत्ते किती, हे वेगवेगळे लिहिलेले असावे. जादा कामाचा दर, राहण्याची सोय, औषधपाणी, परतीचे तिकीट आणि कराराची मुदत यांचा उल्लेख असावा. कराराची प्रत घरी ठेवावी. पासपोर्ट स्वतःजवळ ठेवावा. ओमानमध्ये २०२१ पासून करार पुरा झालेल्या कामगाराला नवा मालक शोधण्यासाठी जुन्या मालकाच्या ना-हरकत पत्राची गरज उरलेली नाही, हेही माहीत असावे. मध्यस्थाला परवाना आहे का, ते पाहावे. भारतात तर मध्यस्थाने कामगाराकडून तीस हजार रुपये आणि त्यावरील कर यापेक्षा अधिक घेऊ नये, असा नियम आहे. तरीही कर्ज काढून, दागिने मोडून पैसे भरणारे लोक तेथे आहेतच. जो मध्यस्थ पावती देत नाही, त्याच्या दारातून परत यावे.

कंपन्यांवर भिस्त ठेवू नये, हेही मिराहच्या कथेतून शिकण्यासारखे आहे. तो प्रकल्प उभारणारी कंपनी २०२० साली बंद झाली. पुढे ती पुन्हा उभी राहिली, पण मधल्या काळात तिच्या कामगारांना दुसरीकडे जावेच लागले असणार. कंपनी बुडाली तरी हातातली विद्या बुडत नाही.

आणि ही विद्या घेऊन परत कोठे यायचे? येथेच. आपल्या बेटावर २०१० पासून लहान सौर उत्पादकांना सीईबीच्या तारांना जोडून घेतले जाते. बांबू येथे २०१४ साली पंधरा मेगावॉटचे सौर केंद्र झाले, हेन्रिएटातही झाले. घरांच्या, शाळांच्या, दुकानांच्या छपरांवर पॅनेल दिसू लागली आहेत. ती वीस-पंचवीस वर्षे टिकायची आहेत आणि त्यांची देखभाल कोणी तरी करायची आहे. शिवाय आपल्याकडे एक गोष्ट अशी आहे, जी ओमानच्या वाळवंटात रोज शिकायला मिळत नाही. ती म्हणजे चक्रीवादळ. जानेवारी २०२४ मधील बेलाल आपण विसरलेलो नाही. ढिले बसवलेले पॅनेल वादळात उडाले, तर ते तलवारीसारखे जाते. खारी हवा जोड गंजवते. धुळीत काम शिकलेल्या माणसाला मीठ आणि वादळ यांचा हिशोब येथेच येऊन शिकावा लागेल, आणि तो ज्याला येईल त्याला या बेटावर कामाची वाण पडणार नाही.

तेव्हा पालकांना आमचे सांगणे असे. मुलाला, आणि मुलीलाही, आधी एमआयटीडीतून विद्युत जोडणीचे प्रमाणपत्र पुरे करू द्यावे. त्यानंतर एखाद्या जाणत्या ठेकेदाराच्या हाताखाली वर्ष-दोन वर्षे छपरावर काम करू द्यावे आणि डीसीचे शिक्षण घेऊ द्यावे. इंग्रजीत अहवाल लिहिण्याचा सराव करून घ्यावा. एवढे झाल्यावर ओमानला जायचे असेल तर आनंदाने पाठवावे. तो तेथे कारागीर म्हणून जाईल, आणि त्याच्या करारावरची सही त्याने स्वतः वाचून केलेली असेल.