मनोऱ्याच्या आतले कुलूप

नांगराचा फाळ मोडला म्हणून तुडीलच्या कुणा शेतकऱ्याने सबंध नांगर टाकून दिल्याचे ऐकिवात नाही. फाळ कोणत्याही लोहाराकडून करून घ्यावा, तो बसतो. मोबाइलच्या मनोऱ्याची गोष्ट मात्र निराळी आहे.

मनोऱ्यावर अँटेनाजवळ लहरी पाठविणारा व घेणारा रेडिओ असतो. त्या लहरींतून आपले बोलणे उकलणारी पेटी, म्हणजे बेसबँड, बहुधा खाली असते. या दोहोंमधील तारेतून माहिती कोणत्या रीतीने जाते, याचे बारकावे उत्पादक आपल्यापाशीच राखून ठेवीत आले. म्हणून एकाच्या रेडिओला दुसऱ्याची पेटी सहसा चालत नाही. एकदा ज्याचा माल घेतला, त्याच्याच दारी सुट्या भागांसाठी जायचे आणि तो सांगेल तो भाव द्यायचा.

गंमत अशी, की ग्राहकाच्या बाजूचे कुलूप पुष्कळसे उघडले आहे. हवेतल्या लहरींचे नियम सर्वांना खुले असल्यामुळे कोणत्याही कारखान्याचा हँडसेट कोणत्याही कारखान्याच्या मनोऱ्याशी बोलतो. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली. आपण कंपनीला सोडू शकतो. कंपनीला मात्र आपला उत्पादक सोडणे जड जाते!

हा प्रश्न केवळ कंपन्यांच्या नफ्यातोट्याचा नव्हे. जुलै २०२१ मध्ये महाडात सावित्रीचा पूर शिरला, तळिये येथे दरड कोसळली. संपर्क तुटणे म्हणजे काय, हे आपल्या तालुक्याला सांगावयास नको. अशा पुरात पेटी भिजून निकामी झाली, तर बदली पेटी त्याच उत्पादकाची हवी. दुसऱ्याची पेटी जवळच्या गोदामात असूनही उपयोगाची नाही.

२०१८ साली स्थापन झालेल्या ओ-रॅन अलायन्सने रेडिओ व पेटी यांच्यामधील सांध्याचे नियम खुले केले. तरी बिघाड झाला, की रेडिओवाला पेटीवाल्याकडे बोट दाखविणार, हे उघड आहे. तेव्हा जुळणीची जबाबदारी घेणारा कोणी तरी लागतोच.

२७ सप्टेंबर २०२५ रोजी बीएसएनएलच्या स्वदेशी फोर-जी जाळ्याचे उद्घाटन झाले. त्यात रेडिओ तेजसचे, जाळ्याचा गाभा सी-डॉटचा आणि जुळणी टाटा कन्सल्टन्सीची. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. पण 'स्वदेशी' आणि 'खुले' हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरू लागलो आहोत, ते मला खटकते. दुसऱ्या एखाद्या कारखान्याचा रेडिओ त्याच पेटीला जोडून चालतो का, याची चाचणी व्हावयास हवी. आणि तशी अट मनोरे उभारण्यापूर्वी निविदेतच घातली पाहिजे.